छत्तिसावा तास

तार्तू. फेब्रुवारी. नदी गोठलेली.
हेल्वे अंड्याच्या कवचाला कात्रीने
नखाएवढी खिडकी पाडते
आणि भिंगातून वाकून पाहते.

रक्त अजून वाहत नाही,
मज्जातंतू इथवर पोचलेले नाहीत.
हृदय म्हणावं तर एक वाकडी नळी.
आणि तरी हललं.
थांबलं. पुन्हा हललं,
कुणी न सांगता.

पुढच्या अंड्यात, तिसऱ्या दिवशी,
नळी फुगलेली. कप्प्यांना घाई:
तिथल्या पेशी दणकट होतात,
ठिणगी हाती आली की लगेच पुढे देतात.
मधल्या अरुंद गळ्यातल्या मात्र
तशाच, कोवळ्या, संथ,
मोठं व्हायचंच विसरल्यासारख्या.

"म्हणजे या मागे पडल्या?"
रास्मुस विचारतो. नवीन आहे, चहा उभ्यानेच पितो.

हेल्वेला धाकटा एंडेल आठवतो.
बाकी सगळे टालिनला गेले, हेलसिंकीला गेले.
तो वाल्गाजवळच्या रेल्वे फाटकावर राहिला,
वाक्य अर्ध्यात ठेवून गाडी जाऊ द्यायचा,
मग उरलेलं बोलायचा.

"मागे नाही. त्या अडवून धरतात," ती म्हणते,
"क्षणभरच. वरचा कप्पा रिता होईतो,
खालचा भरेतो.
नाहीतर दोन्ही एकदम मिटतील,
मग रक्त जाणार कुठे?"

खिडकीवर चिकटपट्टी. पेन्सिलीने वेळ.
अंडं परत उबेत.

रात्री ती वाल्गाला फोन लावते.
कुणीतरी उचलतं. आवाज नाही.
तो आधी चश्मा शोधतो, नेहमीच.
ती रिसीव्हर कानाशी धरून
उभी राहते.