अर्धी बरणी

जहाज गोदीत बांधलं की जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत
मी घरी असतो. यंदा घर वेगळं आहे.
डुलुथच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं.
खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसतं,
आणि रेडिएटर रात्रभर
कुणी दार ठोठावल्यासारखा वाजतो.

वाटणीवरून करीन आणि मी भांडलो नाही.
सोफा तिला, ट्रक मला,
बर्फावरच्या मासेमारीचं खोपटं विकून पैसे निम्मे निम्मे.
कुत्र्याने आपलं आपणच ठरवलं,
तिच्या उंबऱ्यावरून हलला नाही.
मग तिने फ्रिजमधून ती बरणी काढली.
"हिचं काय?"
माझ्याकडे काकडीच्या लोणच्याची रिकामी बाटली होती.
तिने बरणी तिरकी केली.
पांढुरकं, चिकट, संथ, कुठलीही घाई नसलेलं.
शेवटची तार तुटेपर्यंत
आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे.

अकरा वर्षांचं विरजण. ब्रिटा पोटात होती
तेव्हा करीनने लावलेलं: राईचं पीठ, पाणी
आणि त्या ऑगस्टची हवा.
मी बोटीवर असलो की ती त्याला भरवायची,
हिवाळ्यात मी.
मुलांपेक्षा त्याच्याच वेळा आम्ही नीट पाळल्या असतील.

महिनाभर मी झाकण उघडलं नाही.
उघडलं तर वर काळपट पाणी,
आणि वास नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा.
नासलं, म्हटलं. फोन केला.
"नासलं नाही, आंबलंय," करीन म्हणाली.
"पाणी ओतून दे. तळातलं चमचाभर घे. पीठ घाल."
त्या महिन्यातलं आमचं
सगळ्यांत लांब बोलणं ते.

शुक्रवारी मुलं आली, पाठीवर दप्तरं, बुटांना बर्फ.
रात्री मैद्यात ताक घातलं, त्यात ते विरजण,
वर ताटली झाकून वाडगा रेडिएटरजवळ ठेवला.
दोन वाजता दिवा लागलेला दिसला.
एमेट मोज्यांवर उभा, ताटली हातात.
"डॅड, हे श्वास घेतंय."
झोप, म्हटलं.
मीही थोडा वेळ बघत राहिलो.

सकाळी अंडी, वितळलेलं लोणी, मीठ,
आणि शेवटी चिमूटभर सोडा.
पीठ फसफसून उठलं, काठ ओलांडून ओट्यावर आलं,
तिथून माझ्या पायावर.
या घरात पहिल्यांदाच दोघं एकदम हसली.

वॉफलचा साचा चर्चच्या जुन्या सामानातून आणलेला, तीन डॉलरचा.
त्याचा दिवा लागत नाही.
"वाफ थांबली की झालं," ब्रिटा म्हणाली,
थेट आईच्या आवाजात. आणि गप्प झाली.
पहिला वॉफल फाटला:
अर्धा वरच्या पत्र्याला, अर्धा खालच्या.
मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलणार.
एमेटने दोन्ही खरवडून खाल्ले.

दुसरा अख्खा निघाला.
कडा कुरकुरीत, खळग्यांत लोण्याची तळी,
मेपलचं सिरप एका खळग्यातून दुसऱ्यात.
ब्रिटाने सावकाश चावला.
"आपल्या घरच्यापेक्षा आंबट आहे."
आपल्या घरच्यापेक्षा.
मी साच्यावर तूलिका फिरवत राहिलो, तेल पुरेसं होतं तरी.
"वाईट नाही," ती म्हणाली. "वेगळा आहे."

अकरावा की बारावा खाताना एमेटने विचारलं,
"जलद्वारं उघडली की तू जाणार.
मग याला कोण भरवणार?"
मी खरंच विचार केला नव्हता.
गोठलेल्या सरोवराकडे बघत मी आठवडे मोजले. सहा.
बोटीवर नेलं तर? इंजिनरूममध्ये? उकडून मरेल.

ब्रिटा बोटावरचं सिरप चाटत होती.
"आमच्या फ्रिजमध्ये जागा आहे," ती म्हणाली,
"त्याच्या शेजारी.
मिसळायचं मात्र नाही. मी नाव लिहीन."

मी बाटलीत पीठ घातलं, पाणी घातलं,
ढवळलं, आणि जिथवर आलं होतं तिथे खुणेला
एक रबर चढवलं.
दोघं घसरगुंडीला गेली.
परत आली तेव्हा ते रबराच्या
दोन बोटं वर होतं.