गाळणारी

बांबोळीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टरनं
मान वर न करता विचारलं,
किती वर्षं पिता?

मी गाळते, आते म्हणाली. पीत नाही.
तो हसला. कागदावर खूण केली.
खाटेखालच्या पातेल्यातलं रक्त
अजून कोमट होतं.

चाळीस मोसम ती वाळपईच्या वर
भाणापुढे बसली. पदराला हुर्राकाचा वास,
केसांना धूर, जिभेला थेंब नाही.
कससुद्धा बघायची तो बुडबुड्यांवरून.

गळ्यातल्या गाठीचं कुणी विचारलं नाही.
लग्नाच्या फोटोत ती सुपारीएवढी होती,
पुढे मंगळसूत्र दोनदा वाढवून घेतलं, एवढंच.
आत छातीत किती उतरलीय
ते आम्हाला काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी
फिल्म खिडकीशी धरली.
थायरॉइडनं शिरा दाबल्यात.
वरचं रक्त अडलं, अन्ननलिकेतून
खाली वाट शोधू लागलं.
तिथल्या शिरा फुगल्या. एक फुटली.

आतेला यात नवल वाटलं नाही.
नळी तुंबली की भाणाचं लिंपण फुटतं,
ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

मला वाटलं, झोपली.

त्या पोराला सांग,
ती खूण खोड म्हणावं.