बांध काढला त्या रात्री

मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन ते पाच,
मी वालकूरच्या कचेरीत बसते.
जन्म, मरण, कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी
एकाच कपाटात.
ते पत्रही मीच टाइप केलं:
'जुन्या गिरणीचा बांध काढण्यास
गावाची हरकत नाही.'
सहा हात वर, दोन खाली,
ओदील खिडकीबाहेर बघत होती.

माशांना वर जायला वाट नाही,
जिल्ह्याहून आलेला पोरगा सांगत होता.
पायात कोरे करकरीत गमबूट.
ट्राउट, वाम, आणि आणखी एक मासा,
ज्याचं नाव त्याला फक्त लॅटिनमध्ये येत होतं.
चाळीस वर्षं पाण्याचं दार उघडणाऱ्या फिर्मँने
एवढंच विचारलं,
"मग मी काय उघडू, काय मिटू?"
पोरग्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सप्टेंबरात यंत्र आलं.
ओकच्या फळ्या निघाल्या,
बाहेरून शाईसारख्या काळ्या,
तुटल्या तिथे मधाच्या रंगाच्या.
एक तोफगोळाही निघाला, गंजलेला.
आमच्याकडे निघतातच, बीट काढताना, खांब पुरताना.
तो घेऊन गेले, कॉफी झाली,
काम पुन्हा सुरू.
गुरुवारी संध्याकाळी शेवटची फळी.
नदी अंग चोरून
मधल्या चिंचोळ्या वाटेने निघून गेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी मला जाग आली.
वाटलं, कुणीतरी हाक मारली.
मग वाटलं, फ्रिज बंद पडला.
मग छातीवर हात ठेवून पाहिलं.
सगळं चालू होतं.
भिंतीपलीकडचं शेजाऱ्यांचं घड्याळ,
माझ्याच कानातलं रक्त,
आणि सात किलोमीटरवरच्या हमरस्त्यावरचा ट्रक,
जो या गावात
आजवर कुणी ऐकला नव्हता.

पलीकडे दिवा लागला.
मग पॉप्लरांच्या रांगेमागे दुसरा.
मी चपला अडकवून पुलावर गेले
तर निम्मं गाव तिथे.
लेओकादी, नाइटगाऊनवर
मेलेल्या नवऱ्याचा कोट.
काफ्ये आणि त्याचा मेव्हणा,
एका कुंपणापायी अकरा वर्षं अबोला,
कठड्याला कोपर टेकून शेजारी शेजारी.
"ऐकलंस?"
"काहीच नाही."
"हो. तेच."

फिर्मँ सगळ्यांत शेवटी आला,
हातात लोखंडी दांडा, दार फिरवायचा.
आवाज बदलला की उठायचं, दांडा घ्यायचा, यायचं,
पायांना एवढंच ठाऊक.
गिरणी होती तिथवर गेला,
उभा राहिला.
दांडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना
आणि आम्हांला सांगता येईना.
कुणीतरी थर्मासमधून चिकरीची कॉफी आणली.
कप तीनच होते, ते फिरत राहिले.
पहाटे धुकं चढलं, तसे पांगलो.

फिर्मँ नाताळ बघून गेला.
दांडा त्याची मुलगी कचेरीत ठेवून गेली.
मी तो कपाटात ठेवलाय,
नोंद अजून केलेली नाही.
मार्चमध्ये पोरगा मासे मोजायला आला, खूश झाला.
खरंच खूश झाला. गमबूटही आता मळलेले.
नदी गोट्यांवरून बारीक आवाजात जाते,
थांबून कान दिला तर कळतं.
काफ्ये आणि मेव्हणा पुन्हा बोललेले नाहीत.
कुंपण या वर्षी जरा वाढलंय.

पाण्याच्या मीटरचे आकडे माझ्याकडे येतात.
अकरा घरांत खर्च वाढलाय,
फार नाही, रात्रभर एक नळ
किंचित सुटा ठेवला
तर वाढेल तेवढाच.
ओदीलच्या घरी. काफ्येकडे. मेव्हण्याकडे.
माझ्याही.
तक्त्यात 'कारण' असा एक रकाना आहे.
मी तो कोरा सोडला.