जवळचं ऐकणारा

बर्डीच्या दुकानात काउंटरवर तीन माइक होते:
एक जाळीच्या गोल डोक्याचा, गाण्यासाठी,
एक चपट्या तोंडाचा, ढोलकीसमोर मांडायला,
आणि एक जाडजूड, रेडिओतल्या निवेदकासमोर असतो तसा.
त्याची किंमत दुकानदारानं हळूच सांगितली.

आमचे पैसे एकाचेच.
त्या एकात गावाचं सगळं भागायला हवं,
फुलवंताबाईंचं भजन, खंजिरीच्या चकत्या,
आणि सकाळी ग्रामपंचायतीतून:
नळ आज येणार नाही.
मोह वेचायला एकट्यानं जाऊ नका,
नाल्याकडे वाघीण आहे, पिल्लांसह.

"कंडेन्सर घ्या, पान हललं तरी पकडतो."
"पानं कायले पकडाचे बाप्पा?
मंडपामांगं जनरेटर हाये, पोट्टे हायेत.
सारं आयकणारा आमच्या काय कामाचा?"

मग त्यानं जाळीचा पुढे सरकवला.
आत चुंबक, तारेचं वेटोळं, पातळ पडदा.
वरून वीज मागत नाही. पडला तरी बोलतो.
समोरचं घेतो, पाठीमागचं ऐकत नाही.
असा आमच्या गावात एकही माणूस नाही.

"चेक करा."
फुलवंताबाई भजन म्हणेनात,
हॅलो हॅलो तर नाहीच.
माइक हनुवटीशी धरला
आणि संध्याकाळी बांधावरून घालतात तशी
म्हशीला हाक घातली:
"ये वो चांदेऽऽ, येऽऽ"

रस्त्यावर एक ऑटो थांबला.
ओठ जवळ गेले तसा आवाज खोल गेला,
विहिरीत बादली उतरावी तसा,
आणि त्या थबकल्या.
"माहा हाये हा?
एवढा?"

खंजिरीला चपटाच बरा होता,
चकत्यांची किणकिण जाळीत थोडी अडकते;
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बटणाचा की बिनबटणाचा, यावर चहा थंड झाला.
बटण असलं तर पोट्टे बंद करतात,
नसलं तर सरपंचांचं बोलणं संपल्यावरचंही
गावभर ऐकू येतं.
बटणाचा घेतला.

नागभीडच्या बसमध्ये
त्यांनी तो पदरात गुंडाळून मांडीवर धरला,
अंडी नेतात तसा.
म्हटलं, फुटत नाही तो.
"ठाऊक हाये."

उमरेड मागे पडलं तेव्हा
खिडकीकडे वळून,
बटण बंद, वायर खोक्यात,
जाळीला ओठ लावून त्या काहीतरी बोलल्या.
मी शेजारीच होतो.
मला ऐकू आलं नाही.