खांदा वळला की फाऊल

फेब्रुवारीत लातूरचे हंगरगे सर आले होते,
पांढऱ्या बोलेरोतून, निळे टी-शर्ट घेऊन.
भूमच्या आमच्या मैदानावर, बाजारतळाच्या मागं,
इस्माईलभाईनं नुकत्याच फक्की मारलेल्या पाट्यांवरून
ते बुटांसकट चालले. मी काही बोललो नाही.
"ही पोरगी मला द्या," म्हणाले.
आश्लेषा गटकळ खुंटाला हात लावून धापा टाकत होती.
द्या म्हणजे काय, ती काय खवा आहे?
पण मी हसलो.
तिनंही मान डोलावली. "येते की सर, लातूरलाच येते."
कुंथलगिरीचा पेढा अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी.
फोटोत आम्ही तिघं आहोत
आणि मागून जाणारी एक शेळी.

एप्रिलात पुण्याहून फोन आला. मला नाही, तिच्या आईला.
होस्टेल फुकट, मेस फुकट, बूट वर्षाला दोन जोड.
"सर, रागावू नका, पुण्याचं ठरतंय."
मे महिन्यात सांगलीचं ठरलं, तिथं सराव मॅटवर असतो.
जूनमध्ये परत पुण्याचं.
रोहिणी पवळ तर बार्शी म्हणाली, लातूर म्हणाली, पुन्हा बार्शी.
तिच्या मामाची तिथं पिठाची गिरणी आहे,
गिरणीनंच तिला फिरवलं असावं.
दर वेळी मी हंगरग्यांना फोन लावायचो
आणि रिंग वाजत असताना मनात म्हणायचो,
उचलू नका.

आयुष्यभर मी एकच नियम ओरडत आलो:
खो मिळाला, दिशा घेतली, आता फिरायचं नाही.
खुंटापर्यंत जा, मग वळा.
नुसता खांदा वळला तरी फाऊल.
पळणाऱ्याला सगळी मोकळीक, हुलकावणी दे, कुठूनही शिर,
पाठलाग करणाऱ्याला मात्र शब्द एकच.
पोरी कोणत्या पाळीत आहेत,
हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

नव्वद साली मीही शब्द दिला होता,
अंबाजोगाईच्या कॉलेजला.
ऑगस्टात सोलापूरहून रेल्वेचं बोलावणं आलं,
खेळाडूंचा कोटा, कायमची नोकरी.
बाप म्हणाला, जा.
मी म्हणालो, शब्द दिलाय.
जाऊन बघतो तर ज्यांना दिला होता
त्यांची बदली परभणीला झालेली.
नव्या सरांनी रजिस्टरातून वर न बघता विचारलं,
"नाव काय तुझं?"

काल आश्लेषा आली, टी-शर्ट परत द्यायला.
इस्त्री केलेला, साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
एकदाही घातला नव्हता, धुतला मात्र दोनदा.
"हंगरगे सरांना तुम्हीच द्या. मला लाज वाटती."
पुण्याचं पक्कं का, मी विचारलं.
तिनं खुंटाकडं बघितलं.
"आत्ता तरी पक्कंय."
जाताना मैदान ओलांडलं नाही तिनं,
कडेकडेनं गेली,
फक्की पुसू नये म्हणून.

हंगरगे फोनवर म्हणाले, "टी-शर्ट राहू द्या तिथंच.
दुसरी आहे का कुणी?"
समोर आठ पोरी बसलेल्या, एकाच रांगेत,
चार तोंडं तहसीलकडं, चार एसटी स्टँडकडं.
म्हटलं, बघून सांगतो.

टी-शर्ट मी तमन्ना मुजावरला दिला, आठवीतल्या.
तिला गुडघ्यापर्यंत येतो,
छातीवर दुसऱ्याच गावाचं नाव.
पाचव्या चौकात तिला खो मिळाला,
उठली, डावीकडं निघाली,
आणि उजवीकडं काय दिसलं कोण जाणे,
खांदा वळला.
शिट्टी माझ्या तोंडातच होती.
वाजवली.
जरा उशिरा.