अठ्ठेचाळीस खुंट्या

सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
बॉयलर, खुर्च्या, कॉफीची मोठी किटली
आणि दाराशेजारच्या अठ्ठेचाळीस खुंट्या,
इथल्याच खाणीच्या लोखंडाच्या,
खाण बंद पडायच्या आधीच्या.
मिनेसोटाच्या या टोकाला ऑक्टोबर ते एप्रिल
माणसाचं मन कळतं ते त्याच्या कोटावरून.
काढून टांगला, तर तो बसणार आहे.
अंगावरच ठेवला, तर नुसता ऐकायला आलाय.

पहिल्या वर्षी खुंट्या पुरल्या नाहीत.
कोटांवर कोट, त्यांवर मफलर,
उरलेल्यांचा पियानोवर ढीग.
कंपनीचा तरुण माणूस, ग्रेडन,
म्हणाला, काहीही विचारा याला.
कुणीतरी म्हणालं, आमच्या तळ्यावर कविता.
चार सेकंदांत पडद्यावर उमटली.
तिच्यात सॅमन मासे उसळत होते.
आमच्या तळ्यात सॅमन नाही, कधीच नव्हता.
पण टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
पाहुण्याच्या बोलण्यात खोट कोण काढतं,
तेही त्यानं सगळ्यांना सँडविच आणलेले असताना?

पुढच्या हिवाळ्यात दवाखान्याचा फोन
यंत्र उचलू लागलं.
एइला निस्कानेननं एवढंच विचारलं,
नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या परत कुठे द्यायच्या.
"छान प्रश्न!" यंत्र म्हणालं,
आणि तोइवोला रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं.
तोइवो नोव्हेंबरात गेला होता.
एइला रडली नाही. बेकरीत, पोस्टात, चर्चच्या पायरीवर
तिनं ते दोन शब्द सगळ्यांना ऐकवले
त्याच गोड आवाजात,
इतके हुबेहूब, की आता गावात
कुणी काही वेडगळ बोललं की
आम्ही म्हणतो, छान प्रश्न.

खोटं कशाला बोलू,
माझ्या कानातलं नवं यंत्र चांगलं आहे.
गलक्यातून एकच आवाज निवडून देतं.
त्यातही तेच तंत्र आहे म्हणे.
पण ते विकणारी बाई जग बदलेल असं म्हणाली नव्हती.
म्हणाली होती, वाऱ्यात थोडं खरखरेल.
खरखरतं.

काल तिसरी सभा.
तोच ग्रेडन, छातीवर दुसऱ्या कंपनीचा बिल्ला.
आता गावाबाहेर संगणकांची इमारत,
पाणी तळ्याचं, वीज आमच्या तारांतली,
आणि नोकऱ्या.
नोकऱ्या म्हणताना त्यानं दोन्ही हात पसरले.
असे हात आम्ही खाणीच्या वेळी पाहिले,
मग स्की रिसॉर्टच्या वेळी.
पुंगी गाजराचीच असते,
वाजली तर त्यांची;
मोडून खायची वेळ येते ती मात्र आमच्यावर.

हॉल गच्च भरलेला. खुंट्या रिकाम्या.
एकशे दहा माणसं, चेन हनुवटीपर्यंत ओढून.
मी मुद्दाम बॉयलर वाढवला,
कपाळं घामेजली,
पण एकही चेन खाली आली नाही.
वेन्डल प्रपिच उभा राहिला. ओरडला नाही.
पाणी किती, नोकऱ्या किती, म्हणाला,
आकडे कागदावर द्या.
खाली सही हवी, माणसाची,
फोन उचलणाऱ्या माणसाची.
तपशील लवकरच, ग्रेडन म्हणाला.
मागून एइला: "छान प्रश्न!"
हॉल खदखदला.
ग्रेडनही हसला, कशाला ते न कळता,
आणि मला त्याची थोडी दया आली.

सगळे गेल्यावर खुंटीवर एकच कोट.
मी तो काढून त्याच्या हातात दिला,
पातळ, शहरी, अस्तर उसवलेला.
मोटेलचा रस्ता विचारला त्यानं.
फोन सांगतोय सरळ.
सरळ म्हणजे तळं.
जानेवारीत बर्फावरून गाड्या जातात, खरं आहे,
पण हा एप्रिल आहे, बर्फ आतून पोकळ.
मी कॉफीच्या रुमालावर पेन्सिलनं काढून दिलं:
चर्च, जुना वजनकाटा, मग डावीकडे.

पायरीवर तो उभा राहिला,
एका हातात फोन, दुसऱ्यात रुमाल.
मला कुलूप लावायचं होतं.
त्याच्या गाडीचे दिवे कुठल्या बाजूला वळले
ते आतून दिसत नाही.
कानात नुसती खरखर,
वारा सुटला होता.