मुका मार

बर्फ यायचा मासळीच्या बोटीतून,
म्हणून ताव्हेउनीत, आमच्या मैदानावर,
मुरगळलेल्या घोट्यांना ट्यूनाचा वास असे.

पेटी धरायचं काम माझं.
तोकासा आत्या, एकतीस वर्षं नर्स,
रेषेबाहेर उलट्या बादलीवर बसायची
आणि कुणी पडलं की धावायची नाही. बघायची.
कसा पडला, हात कुठे नेला, ओरडला का.
"ओरडतोय ना? मग श्वास आहे. चल सावकाश."

त्या शनिवारी आधी आपिसाईचा घोटा.
रुपेनीमामा खोबरेल घेऊन हजर,
"तीन पिढ्या चोळतोय आम्ही!"
"चोळा की," आत्या म्हणाली, "दोन-तीन दिवस जाऊ देत."
बर्फ फडक्यात गुंडाळून, उघड्या कातडीवर नाही,
वीस मिनिटं, माझ्या घड्याळानं.
मग पट्टी, बोटांकडून वर वर,
आणि अंगठ्याचं नख दाबून बघायचं:
पांढरं झालेलं परत गुलाबी होतंय ना?
पाय नारळाच्या ढिगावर.
आपिसाई राजासारखा पडून रेफरीला शिव्या देत होता.

मग कुणाचं तरी नाक.
"मान पुढे! आभाळाला कशाला दाखवतोस,
त्याला नकोय तुझं रक्त."

आणि मग पेनाइया, माझा भाऊ.
त्याला कुणी पडताना पाहिलंच नाही.
कुणाचा तरी गुडघा, याची कानशिलं,
एक क्षण गवतात, लगेच उठला,
हसला, जर्सी झटकली
आणि जाऊन उभा राहिला
समोरच्या संघाच्या रांगेत.

आत्याला धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"स्कोअर किती रे?"
त्यानं सांगितला. बरोबर सांगितला,
मागच्या शनिवारचा.

सहा मिनिटं उरलेली, चार गुणांनी मागे,
आणि आमच्यात पळणारा तोच एक.
बाबा दोरी ओलांडून आत आले.
"रक्त कुठंय? सूज कुठंय? काय मोडलंय सांग!"
"काही नाही," आत्या म्हणाली,
"म्हणून तर."
खाली बसली, कुरकुरत्या गुडघ्यांवर,
त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या,
बूट माझ्या पेटीत टाकले, बर्फात,
आणि मला झाकणावर बसवलं.
"उठायचं नाहीस. बापानं सांगितलं तरी."

हरलो.
रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर
तिच्या दोन्ही बाजूंना जागा होती.

पण ते रविवारी. शनिवारी रात्री
ती न बोलावता चटई घेऊन आली,
त्याच्या उशाशी बसली.
त्याला एकटं सोडलं नाही, दारू-गोळी काही दिलं नाही.
पहिली उलटी झाली तेव्हा तिनं तोंड पुसलं.
दुसऱ्या उलटीला उठली.
"ट्रक काढ," बाबांना म्हणाली. एवढंच.
बाबांना चावी सापडेना.
चावी त्यांच्या हातातच होती.

दोन रात्री दवाखान्यात. मग घरी,
अंधाऱ्या खोलीत, उजेड सोसेना म्हणून.
चेंडूला हात लावायला महिना गेला,
शाळेला, त्याच्या दुर्दैवानं, दहाच दिवस.

बाबांनी माफी वगैरे मागितली नाही.
फक्त आता बर्फ आणायला तेच जातात,
पहाटे, धक्क्यावर,
आणि पेटी बादलीशेजारी ठेवून
जरा वेळ उगाच उभे राहतात.

पेनाइयाला ती मॅच अजून आठवत नाही.
आपण जिंकलो,
असं त्याला सांगून ठेवलंय.